डाव्या खुंटीवरचं मडकं

रिक्सेंदने मडकं पालथं केलं आणि राखेचा बोळा बुडावर फिरवता फिरवता तिचा हात थांबला. बुडावर रेघ नव्हती. तिने ओल्या अंगठ्याने काजळी पुसली, मडकं दाराशी नेऊन उजेडात धरलं, पुन्हा पुसलं. खिळ्याने ओढलेली आडवी रेघ, तिनेच ओढलेली, तिथे नव्हती. मग तिने उजव्या खुंटीवरचं दुसरं मडकं काढलं. त्यात ती स्वतःपुरता कोबी शिजवायची, डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा घालून. ते पालथं केलं, तर रेघ त्याच्या बुडावर होती.

तिने पहिल्या मडक्याच्या गळ्यात बोट घातलं. काठाच्या आतल्या घडीत काहीतरी पांढरं, घट्ट बसलं होतं. नखाने खरवडून तिने ते नाकाशी नेलं. अक्रोडाचं तेल कितीही थंडी पडली तरी असं थिजत नाही. ती चरबी होती. 

कधी झालं असेल हे आठवायला फार डोकं लागलं नाही. तेरा दिवसांपूर्वी गावचा पाद्री, डुक्कर कापल्याचं ऐकून, आपला वाटा मागायला अचानक दाराशी उभा राहिला होता. आमच्या खोऱ्यात ज्या घरात दोन खुंट्यांवर दोन मडकी टांगलेली दिसतात, त्या घरात कोण जेवतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. दार उघडण्याआधी रिक्सेंदने डाव्या खुंटीवरचं मडकं गवतात खुपसलं की उजव्या, हेही आता तिला सांगता आलं नसतं. जे हाती राहिलं त्यात तिने मांसाचा मोठा तुकडा टाकला आणि पाद्र्याला बसवून पोटभर जेवू घातलं. जो मांस खात नाही त्याच्यावर संशय घेतात, म्हणून तिनेही दोन घास जास्तच खाल्ले. तो गेल्यावर तिचं सगळं लक्ष दाराकडेच होतं, कुठलं मडकं कुठे टांगतेय ते तिने पाहिलंच नाही. एकदा पालथं करून पाहायला हवं होतं, एवढंच.

आणि डाव्या खुंटीवरच्या मडक्यातलं गेले तेरा दिवस अमिएल जेवत होता.

अमिएल गोठ्यावरच्या माळ्यावर, गवताच्या गंजीमागे राहायचा. चाळिशीचा, किडकिडीत, दिवसभर पिवळ्या लाकडाचे कंगवे कोरत बसणारा. भला माणूस होता तो. आम्ही त्यांना तेवढंच म्हणतो, भले लोक. पाद्री त्यांना पाखंडी म्हणतात आणि सापडले की खाली शहरात नेऊन जाळतात. एके काळी दर गावात दोघे तरी असत. आता डोंगराच्या अलीकडे हा एकटा उरला होता. पलीकडे लोंबार्दीत एक म्हातारा आहे असं लोक सांगत, पण तीन वर्षांत त्याची खबर नव्हती, आणि बर्फाने खिंड मे महिन्यापर्यंत बंद होती.

भला माणूस बाईला शिवत नाही, खोटं बोलत नाही, कोंबडीसुद्धा मारत नाही. नर-मादीच्या संगातून जे येतं ते खात नाही. मांस नाही, चरबी नाही, अंडं नाही, दूध नाही. कारण हे जग वरच्या बापाने केलेलं नव्हे. ते दुसऱ्याने केलं, त्या खालच्याने. डोंगर त्याने केले, बर्फ त्याने केलं, आणि वरून फसवून आणलेले जीव त्याने कातड्यांत शिवून टाकले. मरणाच्या दारी असताना भल्या माणसाने डोक्यावर हात ठेवला, तर जीव ती शिवण उसवून सरळ घरी जातो. नाही ठेवला तर थंडीत धावत सुटतो आणि जे कातडं पहिलं सापडेल त्यात शिरतो. माणसाचं म्हणा, खेचराचं म्हणा, घुबडाचं म्हणा.

हा हात फार दुरून आलेला आहे. समुद्रापलीकडून, पूर्वेकडून, बल्गारांच्या मुलखातून, एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर, मधे एकदाही न तुटता. मेख तिथेच आहे. ज्याचा हात बाटला, त्याने तो ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर ठेवला ते सगळे त्याच्याबरोबर बाटतात, जिवंत असोत की मेलेले. वर पोचलेला जीवही तिथून खाली कोसळतो.

रिक्सेंदची मुलगी ब्रुना गेल्या वर्षी याच दिवसांत गेली. दहा वर्षांची होती.

तापाने तिचं काही खरं नाही हे दिसल्यावर अमिएलने माळ्यावरून उतरून तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. हात ठेवल्यानंतर शेवटपर्यंत फक्त पाणी द्यायचं असतं. पहिला दिवस आणि दुसऱ्या दिवसाची दुपार होईपर्यंत ब्रुना दूध मागत होती. रडून नाही, शहाण्यासारखी मागत होती. आई, थोडंसं. आई, नुसतं तोंड ओलं करण्यापुरतं. रिक्सेंद पाण्याची वाटी तोंडाला लावायची आणि पोर तोंड फिरवायची. नवरा, पोंस, दर हिवाळ्याप्रमाणे मेंढरं घेऊन दक्षिणेच्या कुरणांत गेलेला. तो परतायचा थेट मे महिन्यात. घरात आधाराला शेजारची मेंगार्दकाकू तेवढी होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ब्रुनाने मागणं थांबवलं. चेहरा निवळला, ओठांचा कोरडेपणा गेला, ती गाढ झोपली, आणि तिसऱ्या दिवशी झोपेतच गेली. अमिएल म्हणाला होता, हात लागला त्याची हीच खूण, जिवाची भूक संपली.

त्या एका वाक्यावर रिक्सेंदने वर्ष काढलं होतं. पोंस आला तेव्हा तिने त्याला आधी हेच सांगितलं, की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मागणं थांबवलं. विश्वासातल्या चार बायकांना सांगितलं. काही बायका म्हणाल्या, आमच्याच्याने झालं नसतं बाई. तेव्हा तिला थोडी ऐट वाटायची. आपण पोरीला दूध नाही दिलं, पण घर दिलं.

आता ते घरही गेलं होतं, एका मडक्यापायी. रिक्सेंदने दाराबाहेर पाहिलं. कमरेइतकं बर्फ होतं आणि त्यावर वारा सुटला होता. अशा थंडीत आपली पोर उघडी धावते आहे, हा विचार तिच्या मनात आला, आणि मग तो गेलाच नाही.

त्या दिवशी ती माळ्यावर रस्सा घेऊन गेली नाही. काळ्या राय धान्याची भाकरी, भाजलेले चेस्टनट आणि मूठभर अक्रोड नेले. रिवाजाप्रमाणे तीनदा गुडघे टेकून तिने आशीर्वाद मागितला आणि त्याने तो दिला. मग रुमालात बांधलेली भाकरी त्याच्यापुढे ठेवून ती शिडीजवळ, त्याच्यापासून लांब बसली. आज रस्सा नाही का, असं त्याने विचारलं. मडक्याला तडा गेला, असं ती म्हणाली. तिला सगळं सांगायचं होतं, त्यासाठीच ती चढून आली होती, पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"बाबा, एखाद्या भल्या माणसाने न कळत काही नको ते खाल्लं तर?"

अमिएलने भाकरी खाली ठेवली. असल्या प्रश्नाचं उत्तर तो तोंडात घास असताना देत नसे.

"न कळत विस्तवावर हात पडला तर भाजत नाही का, बाई?"

"मग त्याने करायचं काय?"

"दुसऱ्या भल्या माणसाकडे जायचं. त्याचा हात नव्याने डोक्यावर घ्यायचा. मग आपण ज्यांना हात ठेवला त्यांच्या दारोदार जाऊन तो परत ठेवायचा."

"आणि जे गेलेत?"

त्याने बाजूचा कंगवा उचलला. कंगव्याचे दात अंगठ्याने उगाच चाचपत राहिला. मग त्याने आपल्या आईची गोष्ट काढली, जी त्याने आधी कधी काढली नव्हती. भला माणूस झाल्यावर त्याने पहिला हात आईच्याच डोक्यावर ठेवला होता. ती विणकराची बायको, अडाणी, फार भित्री. हात ठेवल्यावर तिने त्याला ओळखलंच नाही, तुम्ही कोण बाबा, असं विचारलं. पुढे त्याच्याबरोबरचे एकेक जण जळाले, तो या माळ्यावरून त्या माळ्यावर फिरत राहिला. दिवस फार वाईट गेला की तो एवढंच मनाशी आणतो, असं त्याने सांगितलं, की निदान आई पोचली.

"का विचारलंस?" तो शेवटी म्हणाला.

"असंच. हात रिकामे असले की डोकं चालतं."

ती शिडी उतरून खाली आली. आपली पोर गेली ती गेलीच, आता दुसऱ्याची आई कशी काढून घ्यायची? शिवाय सांगून तो करणार काय होता? त्याच्या डोक्यावर हात ठेवायला डोंगराच्या अलीकडे कोणी नव्हतं. त्या माळ्यावर गवत, कंगवे आणि ती पोचलेली आई, एवढाच त्याचा संसार होता. रिक्सेंदला त्याची दया आली, आणि ज्याच्यापुढे गुडघे टेकायचे त्याची दया येणं तिला फार विचित्र वाटलं.

पुढचे तीन दिवस ती कोणाकडे गेली नाही. खिडकीवर एक लाल छातीचा पक्षी यायचा, त्याला ती भाकरीचा चुरा टाकायची आणि तो खाऊन उडाला की उगाच त्या जागेकडे बघत राहायची. गोठ्याचं दार ती नीट लावेनाशी झाली. फटीतून बर्फ आत यायचं, घरी ठेवलेल्या चार मेंढ्या कोपऱ्यात दाटीवाटीने उभ्या राहायच्या, वरून अमिएल दोनदा म्हणाला की वारा फार येतो. ती हो म्हणायची आणि दार तसंच ठेवायची. बाहेर जे कोणी गारठून फिरत असेल त्याला निदान आत शिरता यावं.

पण माणसाला नुसत्या भाकरीवर किती दिवस ठेवणार? दोन्ही मडकी आता बाटलेलीच होती. चौथ्या दिवशी सकाळी ती नवं मडकं मागायला मेंगार्दकडे गेली.

मेंगार्द साठीची, विधवा, तिचे दोन्ही मुलगे डोंगरापलीकडे पळालेले. पाखंड्यांच्या चौकशीच्या वेळी तिला दोषी ठरवून पाठीवर पिवळा क्रूस शिवून घालायची शिक्षा झाली होती. बरं आहे की, ती म्हणायची, मागून बघून कोणी मला दुसरीच समजत नाही. एरवी दारात पाऊल टाकायच्या आधीच ती टोमणा मारायची. आज आत शांतता होती. ती अंथरुणातच होती, तोंडाला लावलेलं फडकं तिने रिक्सेंदला बघून उशीखाली सरकवलं, तरी त्यावरचं रक्त दिसायचं ते दिसलंच.

"बरं झालं आलीस," मेंगार्द म्हणाली. "माझं या जगातलं पीठ सरलं. पाद्री नको मला. तुझ्या माळ्यावरच्याला घेऊन ये."

परवा मेणबत्त्यांचा सण होता. मेणबत्त्यांवर मंत्र म्हणून घ्यायला सगळं गाव सकाळी चर्चमध्ये जाणार, गल्ल्या ओस पडणार. तेव्हा आण त्याला, आजाऱ्यापाशी बसलेय म्हटलंस तर तुलाही कोणी विचारणार नाही, असं सगळं तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. रिक्सेंदने मान हलवली. फडताळातलं कोरं मडकं घेतलं. दारापर्यंत गेली. तिथून ती परत आली, मडकं जमिनीवर ठेवलं आणि अंथरुणाच्या कडेला बसली.

मग तिने सांगितलं. रेघ, पाद्री, गवत, तेरा दिवस, सगळं. या बाईला तो हात घेऊ द्यायचा आणि तो पोकळ आहे हे आपण एकटीनेच जाणून बसायचं, हे तिला जमण्यासारखं नव्हतं.

मेंगार्दने ऐकून घेतलं. मधे एकदा खोकली.

"म्हणूनच," ती म्हणाली. "मी म्हणतेय गेल्या आठवड्यात तुझ्याकडे दिसला तेव्हा बाबा जरा भरल्यासारखा दिसला. म्हटलं प्रार्थना अंगी लागल्या."

रिक्सेंदला हसू आलं नाही. ती दोन्ही हात मांडीत घेऊन पुढे वाकली आणि आवाज न करता रडू लागली.

"माझ्यामुळे ब्रुना खाली आली, काकू. मी तिला तीन दिवस उपाशी ठेवलं आणि वर्षाने परत खाली ओढलं. माझ्या या हातांनी."

मेंगार्दने पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. शेळी खालच्या गोठ्यात पाय आपटत होती. तिची तांबडी शेळी, भर हिवाळ्यात दूध देणारी गावातली एकटीच.

"तुझ्या मडक्याने नाही आली ती," मेंगार्द म्हणाली.

रिक्सेंदने वर पाहिलं.

"दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुला लाकडं आणायला पाठवलं होतं. आठवतं? तुझ्या घरात लाकडं होती. तुला ते सुचलंही नाही." ती थांबली. "मी दूध दिलं तिला. माझ्याच्याने ऐकवेना."

 ऐकलेलं उमजायला रिक्सेंदला वेळ लागला. हात ठेवल्यानंतर दूध दिलं म्हणजे हाताचा गुण गेला. म्हणजे पोर वर गेलीच नव्हती. पाद्री यायच्या, मडकी बदलायच्या, या सगळ्याच्या वर्षभर आधीच ती थंडीत होती, आणि आपण बायकांपुढे ऐट मिरवत होतो. मेंगार्दने डोळे मिटून घेतले होते. आता जे काय येईल, हात उचलला जाईल नाहीतर शिवी येईल, ते यावं म्हणून ती थांबली होती.

"किती दिलंस?" रिक्सेंदने विचारलं.

"वाटीभर. आधी अर्धी दिली. मग तिने वाटी पुढे केली."

"गरम केलं होतंस?"

"तर. थंडीचं गार दूध देईन का मी पोरीला?"

रिक्सेंदने बाहीने नाक पुसलं. तिचा आवाज आता अगदी बारीक झाला होता.

"काही म्हणाली?"

मेंगार्दने डोळे उघडले, पण तिच्याकडे न बघता ती आढ्याकडे बघत राहिली.

"म्हणाली, आईला सांगू नका. आईला वाईट वाटेल."

 रिक्सेंदला मेंगार्दचा राग यायला हवा होता. ती तो आतल्या आत शोधत होती आणि तिला तो सापडत नव्हता. पुन्हा पुन्हा तिच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येत होती, पोरीने वाटी पुढे केली ती. वर्षभर तिने ब्रुनाचं तोंड फिरवणं पाहिलं होतं, झोपेत, जागेपणी, चुलीपुढे. पोर शेवटी तृप्त होऊन झोपली होती, हे कोणीतरी आज तिला सांगितलं, आणि ते ऐकून तिला बरं वाटलं. धर्माने पाहिलं तर बरं वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी वाटलं, त्याला ती काय करणार?

"मी मेले की तुला सांगायचं राहून जाईल, हे एक बरं होईल असं वाटायचं," मेंगार्द म्हणाली. "पण तू मडक्याला घेऊन बसलीस."

"मग आता? त्यांना नको आणायला?"

"आण की. नाही आणलंस तर तो कारण विचारेल, आणि तुला खोटं बोलता येत नाही. मडक्याला तडा म्हणे." तिला पुन्हा खोकला आला. तो थांबल्यावर ती हळू म्हणाली, "मला वर जाऊन तरी कोण ओळखीचं भेटणार आहे, पोरी? ब्रुना खाली असेल तर तिला शोधायला कोणीतरी खाली हवं. मी राहते."

रिक्सेंदने नवं मडकं घरी नेलं. त्याच्या बुडावर तिने रेघ ओढली, कोबी आणि सलगम चिरले, पाणी, मीठ आणि अक्रोडाचं तेल घालून रस्सा केला आणि माळ्यावर नेला. तीनदा गुडघे टेकले. अमिएलने निमूट खाल्लं. वाटी खाली ठेवताना त्याने विचारलं की आज काही वेगळं घातलं होतं का. तिने नाही म्हणून सांगितलं.

"गेले काही दिवस फार चांगला होत होता," तो म्हणाला, आणि जिभेचे चोचले पुरवल्याबद्दल स्वतःशीच ओशाळून पुन्हा कंगवा हातात घेतला.

ती खाली येऊन गोठ्यात बराच वेळ नुसती उभी राहिली. आता हे जाणणारी जगात दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक पाच-सहा दिवसांचं सोबती होतं. मग एकटीनेच तीनदा गुडघे टेकायचे, रोज, एकटीनेच. तिने दार लावलं. अर्ध्यातून परत फिरली आणि ते पुन्हा थोडं उघडं ठेवलं.

सणाच्या सकाळी चर्चच्या घंटा वाजल्या आणि गल्ली रिकामी झाली, तसा अमिएल धनगराचा कांबळा डोक्यावरून ओढून तिच्या मागोमाग आला. मेंगार्दला तिने उशांना टेकवून बसवलं होतं, केस विंचरले होते. अमिएलने विचारायचं ते विचारलं. यापुढे मांस, अंडं, दूध, चीज शिवणार नाहीस ना? खोटं बोलणार नाहीस ना? मेंगार्दने प्रत्येक प्रश्नाला खाली मान घालून हो म्हटलं. बाईला शिवू नये म्हणून मधे पांढरं फडकं धरून त्याने कांबळ्याआडून आणलेलं शुभवर्तमानाचं पुस्तक तिच्या डोक्यावर ठेवलं आणि पुस्तकावर हात ठेवले.  त्याच्या चेहऱ्यावर अशी माया होती की रिक्सेंदला तिकडे बघवेना. ती चुलीकडे बघत राहिली.

"आता फक्त पाणी," तो म्हणाला. "भूक लागेल. ती या कातड्याची भूक, तुझी नव्हे. त्या पोरीची आठवण ठेव. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मागणं थांबवलं."

"ठेवते, बाबा," मेंगार्द म्हणाली.

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं नाही. रिक्सेंदने दार किलकिलं करून गल्ली दोन्ही बाजूंना पाहिली आणि तो निघाला. बर्फातल्या त्याच्या पावलांवर पावलं टाकून तिने ती मोडली, तो तिच्या गोठ्यात शिरलेला दिसला, तशी ती परत आली. खालच्या गोठ्यात जाऊन तिने तांबडीची धार काढली. छोट्या मडक्यात दूध घालून ते निखाऱ्यांवर ठेवलं आणि शेजारी उकिडवी बसली.

"गार नको देऊस हं," मेंगार्द अंथरुणातून म्हणाली.

"गार देईन का मी?"

दुधात बोट बुडवून तिने पाहिलं, आणखी थोडं थांबली, पुन्हा पाहिलं. मग वाटीत ओतून घेतलं, मेंगार्दच्या मानेखाली हात घातला आणि वाटी तिच्या तोंडाला लावली. मेंगार्द सावकाश प्यायली. दम लागला म्हणून मधे थांबली. बाहेर घंटा पुन्हा वाजू लागल्या होत्या, लोक हातात पेटत्या मेणबत्त्या घेऊन, वाऱ्यापासून तळहाताचा आडोसा करत घराकडे निघाले होते. रिक्सेंदने वाटीत वाकून पाहिलं, ती रिकामी होती. भांड्यात अजून अर्धं दूध होतं, पण तिने विचारलं नाही, ती नुसती थांबून राहिली.

थोड्या वेळाने मेंगार्दने वाटी पुढे केली.